पाळी पोतोसीची

दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियात, अँडीज पर्वतात पोतोसी नावाचं शहर आहे. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंच. नवख्याला तिथे जिना चढतानाही धाप लागते. असल्या जागी १६१०च्या सुमारास दीड लाखाच्या आसपास माणसं राहत होती. कारण एकच, शहरामागचा तांबूस, शंकूसारखा डोंगर. स्पॅनिश लोक त्याला सेरो रिको म्हणतात, म्हणजे श्रीमंत डोंगर. १५४५ साली तिथे चांदी सापडली.

पहिली पंचवीसेक वर्षं चांदी गाळण्याची विद्या स्थानिक लोकांच्याच हाती होती. भोकं पाडलेल्या मातीच्या लहान भट्ट्या ते डोंगरउतारावर मांडत. भात्याचं काम वारा करी. वरचं कसदार खनिज संपलं, तशी ही विद्याही मागे पडली. १५७२च्या सुमारास स्पेनचा तिथला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने नवी रीत आणली. हलक्या खनिजाची भुकटी पाऱ्यात कालवली की चांदी पाऱ्याला धरते. मग तापवून पारा उडवायचा. पारा पेरूतल्या वांकाव्हेलिकाहून येई. भुकटीसाठी पाणचक्क्या, चक्क्यांसाठी तलाव. आणि माणसं?

त्यासाठी तोलेदोने, स्पॅनिशांच्या आधी तिथे राज्य करणाऱ्या इंकांचाच शब्द उचलला: मिता. मिता म्हणजे पाळी. इंकांच्या राज्यात गावं पाळीपाळीने माणसं देत आणि कामावर असताना राज्य त्यांना जेवू घाली. तोलेदोच्या मितात दरवर्षी १३,०००च्या वर पुरुष यायचे, कित्येक जण शेकडो किलोमीटर चालत, बायकामुलं आणि लामा घेऊन. मजुरी मिळे, पण तीत पोट भरत नसे. आपण याला सरळ वेठबिगार म्हणू. जुना शब्द ठेवल्यामुळे जुलमाला रिवाजाचं रूप आलं. तोलेदोची खरी चलाखी मला इथे दिसते. ही पाळी कायद्याने संपली ती १८१२ साली.

स्पॅनिश अमेरिकेतली ही चांदी पोर्तुगीज जहाजांतून गोव्यालाही पोचली. सुरतेत ती वितळवून मुघली रुपये पाडले गेले.

आता डोंगराचा माथा खचतो आहे. २०१४ साली युनेस्कोने पोतोसीला धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातलं. खाणकाम मात्र थांबलेलं नाही. आत शिंगं असलेली एक मूर्ती असते. तिला ‘तिओ’ म्हणतात, म्हणजे काका. कामगार तिच्यापुढे कोकाची पानं ठेवतात, तिच्या तोंडात पेटती सिगारेट देतात आणि मग कामाला लागतात.