१४२८५७ : एका संख्येचे सारे गुण, एकच कारण



१४२८५७ ला २ ने गुणले की २८५७१४ येतात, ३ ने गुणले की ४२८५७१. सहापर्यंत कितीनेही गुणा, तेच अंक त्याच क्रमाने येतात, फक्त सुरुवात बदलते. सातने गुणले की मात्र ९९९९९९. देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्यांचे जे प्रकार ओळखले, त्यांतल्या दोहोंत ही संख्या बसते. तिच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्यातले शेवटचे सहा अंक तोडून उरलेल्यांत मिळवले, म्हणजे २०४०८ अधिक १२२४४९ केले, की पुन्हा १४२८५७. अशा संख्या आज जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जातात. एवढे गुण एकत्र दिसले की चमत्कार म्हणून हात जोडावेसे वाटतात. माझे म्हणणे असे, की आधी कारण शोधावे. आणि इथे या साऱ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : ९९९९९९ म्हणजे ७ गुणिले १४२८५७.

एकाला सातने भागत जा : दशांश चिन्हानंतर १४२८५७ हेच अंक पुन्हा पुन्हा येतात. बाकी क्रमाने १, ३, २, ६, ४, ५ अशी राहते आणि पुन्हा १ येते. शून्य सोडून सहाच बाक्या शक्य, आणि त्या सगळ्या एकाच फेऱ्यात येऊन जातात. म्हणून दोन किंवा तीन सप्तमांश काढताना आपण त्याच फेऱ्यात मधून शिरतो. वर्गाचेही तसेच. १४२८५७ पेक्षा एकने लहान असलेली १४२८५६ ही ७ गुणिले २०४०८ आहे. म्हणून वर्गातून १४२८५७ वजा केले की ९९९९९९ गुणिले २०४०८ उरतात, आणि दोन तुकडे जुळतात ते यामुळेच.

गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० साली लिहिले, की अंकांच्या अशा गमतींत गणितज्ञाला रस वाटावा असे काही नाही. आक्षेप वजनदार आहे. आपण दहाऐवजी आठाच्या गटांनी मोजत असतो, तर एक सप्तमांश नुसता ०.१११… असा लिहिला गेला असता आणि हे सारे दिसलेच नसते. हे मान्य. पण पाया बदलला तरी प्रश्न उरतोच : कोणत्या मूळ संख्यांच्या सगळ्या बाक्या एकाच फेऱ्यात येतात? दहाच्या पायावर १७, १९, २३, २९ यांच्या येतात. १३ च्या मात्र दोन फेऱ्यांत विभागतात. गाउसने १८०१ च्या ग्रंथात अशा आवर्तनांचा विचार केला होता. अशा मूळ संख्या अनंत असाव्यात, असे एमिल आर्टिन यांचे १९२७ चे अनुमान सांगते. ते आजही सिद्ध झालेले नाही. शाळकरी भागाकारातून जो प्रश्न थेट इथवर येऊन पोचतो, त्याला क्षुल्लक म्हणणे मला पटत नाही.

म्हणून जालना जिल्ह्यातल्या अंबड, परतूर, भोकरदनच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : १४२८५७ ची गंमत मुलांना आयती सांगू नका. त्यांना एकाला सातने आणि मग तेराने कागदावर भागू द्या, आणि बाक्या लिहून ठेवायला सांगा.