खुब्याचं ऑपरेशन आणि रक्ताची शिल्लक
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिने धावत चढत होतो. आता बऱ्याच घरांत काठी नाहीतर वॉकर आहे. म्हणून आज फक्त एका आकड्याबद्दल बोलतो : हिमोग्लोबिन.

खुब्याचं हाड मोडलं की रक्त आतल्या आत साचतं. ऑपरेशनमध्ये आणखी जातं. बाहेर फारसं दिसत नाही, पण खात्यातून रक्कम गेलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय.

आमच्या सौ. घरी आल्या तेव्हा आकडा ८.६ होता. फिजिओथेरपीच्या बाई उभं करायच्या, की हिला गरगरायचं. भेटायला येणारे म्हणायचे, "वय झालं, चालायचंच." चौथ्या दिवशी हीच म्हणाली, "आता मला उठवू नका." त्या वाक्याची मला खरी भीती वाटली. या वयात अंथरूण धरलं की पायातली ताकद भराभर जाते.

डॉक्टरांना विचारलं, "रक्त चढवायचं का?" ते म्हणाले, "आकडा कमी म्हणून लगेच नाही." २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याचं ऑपरेशन झालेले, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले दोन हजारांवर रुग्ण होते. काहींना १० च्या खाली जाताच रक्त दिलं. बाकीच्यांना ८ च्या खाली गेल्यावर किंवा त्रास झाल्यावरच. साठ दिवसांनी दोन्ही गटांचं चालणं सारखंच निघालं.

मग लोह आणि बी-१२ तपासलं, दोन्ही कमी. औषधं सुरू झाली. लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालते, हे तेव्हा कळलं. जेवणात डाळ, उसळ, अंडं वाढवलं. व्यायाम थांबवला नाही. आधी पलंगाच्या कडेला बसणं, मग उभं राहणं, मग चार पावलं. शिल्लक सावकाश भरते. तिसऱ्या महिन्यात आकडा ११.४ झाला आणि ही वॉकर घेऊन गेटपर्यंत गेली.

तेव्हा विनंती एवढीच. डिस्चार्जच्या कागदावरचा हिमोग्लोबिनचा आकडा वहीत लिहा आणि पुढची तपासणी कधी, ते विचारून घ्या. पोटरी सुजली, धाप लागली, छातीत दुखलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. आणि शेजारी भेटायला गेलात तर "वय झालं" म्हणू नका. "आकडा किती आला?" असं विचारा.