हसू कुठे यायचं, मामा?



माझा एक भाचा आहे. राहतो दुर्गला, वय बावीस, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. मागच्या उन्हाळ्यात आठ दिवस आमच्याकडे भिलाईला आला होता. बाहेर डांबर वितळतंय, घरात कूलरची घरघर, आणि मी मोठ्या कौतुकानं त्याला एक जुनी ब्रिटिश विनोदी मालिका लावून दिली. पोरगं सोफ्यावर मांडी घालून शहाण्यासारखं बघत बसलं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, तो हसतोय खरा, पण मालिकेतले प्रेक्षक हसले की मगच हसतोय. लग्नात मंगलाष्टकं परक्या भाषेत चालू असली की आपण कसे शेजारच्याचा हात बघून अक्षता टाकतो, तसं.

मी विचारलं, "काय रे, आवडतंय ना?"

म्हणाला, "मामा, शब्द सगळे कळतात. हसू कुठे यायचं, तेवढं सांग."

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून आज तुमच्यासमोर बोलतो आहे. मी काही नाटक-सिनेमातला माणूस नाही. पोलाद कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्त झालो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'येस मिनिस्टर' लागायची तेव्हा हा नाद लागला, तो सुटला नाही. पुढे कॅसेटी झाल्या, सीडी झाल्या, आता मोबाइल. ओळखीतले लोक विचारतात, "दादा, इंग्रजी कॉमेडी बघायची आहे, कुठून सुरुवात करू?" मी आजवर उत्साहानं याद्या दिल्या. बहुतेक याद्या वाया गेल्या, आणि चूक माझीच होती.

भाच्याच्या बाबतीतली चूक सांगतो. मी त्याला लावून दिली होती 'ब्लॅकॲडर'. का, तर त्यात रोवन ॲटकिन्सन आहे, आणि लहानपणापासून त्याला 'मिस्टर बीन' पाठ. चेहरा ओळखीचा, म्हणजे काम सोपं, असा माझा हिशेब. पण बीन जवळजवळ बोलतच नाही. सगळे मिळून पंधराच भाग, तरी तो जगभर पोचला तो याच कारणानं. आणि ब्लॅकॲडर? तो नुसता बोलतो. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारात उभा राहून, एकात एक अडकवलेल्या उपमा फेकत बोलतो. इंग्लंडचा इतिहास शाळेत शिकलेल्यालाच त्यातलं अर्धं कळतं. बीनच्या चाहत्याला ब्लॅकॲडर देणं म्हणजे मूकपटाच्या प्रेक्षकाला कीर्तनाला बसवणं.

मग सुरुवात कुठून? माझं उत्तर भिलाईचं आहे, आणि ते मला उशिरा सुचलं.

आमचं गाव कसं आहे, हे बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टीबरोबर गाव उभं राहिलं. सेक्टर एक, सेक्टर दोन असं मोजून आखलेलं; मोठ्या साहेबांचे बत्तीस बंगले वेगळे, मजुरांचे कॅम्प वेगळे. आंध्रातले, केरळातले, बंगालचे, पंजाबचे, ओडिशाचे, आम्ही मराठी आणि इथले मूळचे छत्तीसगढी, सगळे एका भोंग्यावर कामाला जाणारे. नवा माणूस भेटला की आम्ही जात नाही विचारत, गाव नाही विचारत. आम्ही विचारतो, "कुठला सेक्टर? क्वार्टर कुठल्या टाइपचं?" एवढ्यावर त्याचा हुद्दा, पगार आणि साहेबाचं नावसुद्धा अंदाजानं सांगता येतं. बढती झाली की माणूस क्वार्टर बदलतो, आणि नव्या क्वार्टरच्या गेटात उभा राहताना थोडा वेगळा उभा राहतो. हे आम्ही जन्मभर पाहिलं आहे.

ब्रिटिश विनोद नेमका इथेच बसलेला असतो. कोण कोणाच्या वर, आणि वरचा खरंच वरचा आहे की नाही, एवढाच त्याचा बहुतेक व्यवहार. म्हणून मी आता सुरुवात 'डॅड्स आर्मी'पासून करायला सांगतो.

जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या दोघांनी लिहिलेली ही मालिका बीबीसीवर 1968 ते 1977 चालली. दुसरं महायुद्ध चालू आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक गावात, सैन्यात घ्यायला फार म्हातारे किंवा फार कोवळे ठरलेले लोक होमगार्डची तुकडी उभारतात. कप्तान कोण, तर गावातल्या बँकेचा मॅनेजर, मेनवारिंग. त्याच्या हाताखाली सार्जंट विल्सन, जो बँकेतही त्याचा हाताखालचाच. गंमत अशी, की विल्सन खानदानी आहे, मोठ्या शाळेत शिकलेला आहे, आणि बोलण्यात एक आळशी, आपसूक अदब आहे. मेनवारिंग कष्टानं वर आलेला. हुद्दा एकाकडे, घराणं दुसऱ्याकडे. विल्सन प्रत्येक हुकूम पाळतो, पण पाळताना किंचित भुवई उचलतो, आणि त्या भुवईनं मेनवारिंगचा दिवस खराब होतो. श्रोतेहो, असा भुवई उचलणारा हाताखालचा माणूस ज्यानं कधी सांभाळला आहे, त्याला इंग्रजी नसलं तरी चालेल.

त्यातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पकडलेला जर्मन पाणबुडीचा कप्तान धमकी देतो, की मला चिडवणाऱ्या प्रत्येकाचं नाव मी वहीत लिहून ठेवतो आहे, युद्ध जिंकल्यावर बघून घेईन. तुकडीतला सर्वांत लहान पोरगा, पाइक, हिटलरची टिंगल करणारं गाणं म्हणतो. जर्मन विचारतो, तुझं नाव काय? आणि मेनवारिंग तडफेनं ओरडतो, अजिबात सांगू नकोस, पाइक! मी हा प्रसंग भाच्याला दाखवला. तो प्रेक्षकांच्या आधी हसला. मी मनात म्हटलं, गाडी रुळावर आली.

'डॅड्स आर्मी'च्या पाठोपाठ 'येस मिनिस्टर'. सर हम्फ्रे या सचिवाची वाक्यं समजून घ्यायचा प्रयत्न मात्र करू नका. ती समजू नयेत म्हणूनच लिहिलेली आहेत. शासकीय परिपत्रक मोठ्यानं वाचतात तेव्हा आपण वाचणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तसं मंत्र्याच्या तोंडाकडे बघा. यातली एक गोष्ट मला आपलीच वाटते. एक नवंकोरं इस्पितळ. शेकडो कर्मचारी, सगळे कामात गर्क, फायली फिरताहेत, आणि पेशंट एकही नाही. तिथल्या बाई मंत्र्याला अभिमानानं सांगतात, की स्वच्छतेच्या बक्षिसासाठी आमचं नाव पुढे आहे. का असणार नाही? मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना ही त्यांची आवडती मालिका होती, हे ऐकून मी बराच वेळ विचार करत बसलो होतो. 2001 मध्ये 'जी मंत्रीजी' नावानं ती हिंदीत आली. फारूख शेख मंत्री. गोड नट, पण माझं मत विचाराल तर ती मुळाइतकी रंगली नाही. ब्रिटिश सचिव नम्रतेनं वार करतो. आपल्याकडे नम्रता दाखवताना माणूस खरोखरच वाकतो, मग वार करायला हात उरत नाही.

'फॉल्टी टॉवर्स'बद्दल फार बोलत नाही. जॉन क्लीझचा तो हॉटेलवाला बघितल्याशिवाय मरू नये, एवढंच. दोन वेळा सहा-सहा, असे एकंदर बारा भाग केले, 1975 आणि 1979 साली, आणि लोक मागत असताना थांबले. आपल्याकडे बाराव्या भागापर्यंत सासूची ओळखसुद्धा पुरी होत नाही. ज्या वर्षी ही मालिका तिकडे सुरू झाली, त्याच वर्षी रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत उपग्रहावरून दूरदर्शन पहिल्यांदा उतरलं होतं, शेती आणि आरोग्याचे धडे घेऊन. गावकरी चावडीसमोर बसून बघायचे. असो. त्या हॉटेलात मानुएल नावाचा स्पॅनिश वेटर आहे, त्याच्या मोडक्या इंग्रजीवर अर्धी मालिका उभी आहे. स्पेनमध्ये दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याला इटालियन करून टाकलं! विनोद परदेशी पाठवताना काय काय करावं लागतं, बघा.

मोडक्या भाषेवरून आठवलं. 'माइंड युअर लँग्वेज' भारतात सर्वांना आवडते, आणि तिथे मी थोडा अडखळतो. लंडनमधला इंग्रजीचा वर्ग, त्यात शीख, पाकिस्तानी, चिनी, इटालियन विद्यार्थी, प्रत्येकाची एक ठरलेली टिंगल. 1979 साली वाहिनीच्याच वरिष्ठांनी ती बंद केली, अशी थट्टा आता चालणार नाही म्हणून. आपल्याकडे 1993 मध्ये त्यावरून 'जबान संभाल के' झाली. पंकज कपूर मास्तर, पण वर्ग हिंदीचा. ही मात्र आमच्या भिलाईत घराघरांत हसून बघितली गेली, कारण तो वर्ग म्हणजे आमचीच गल्ली. शेजारच्या तेलुगू काकूंची हिंदी, वरच्या बंगाली बाबूंची हिंदी, आणि आमच्या आईची, "अरे भैया, वो कोथिंबीर थोडी जास्त देना" ही हिंदी. सगळेच मोडके, त्यामुळे कोणी कोणाला खाली बघायचं कारणच नव्हतं. लंडनच्या वर्गात मात्र एकाची भाषा शुद्ध असते आणि बाकी सगळे तिच्याशी झटत असतात. विनोद तोच, पण खुर्ची बदलली की चव बदलते.

आता एक गोष्ट खास मराठी माणसासाठी. पेरी आणि क्रॉफ्ट याच जोडीनं 1974 साली दुसरी एक मालिका काढली, 'इट एन्ट हाफ हॉट मम'. तिची सुरुवात कुठे घडते माहीत आहे? आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत! सैनिकांची करमणूक करणारी एक पलटण तिथे युद्ध संपायची वाट बघते आहे. पेरी स्वतः तरुणपणी देवळालीच्या तशाच करमणूक-पथकात होते. देवळालीची ब्रिटिश छावणी जुनी. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशाच्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून राहायचे, उन्हानं आणि कंटाळ्यानं त्यांची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत शब्दच तयार झाला, 'डूलॅली'. पूर्वी पुरं म्हणत, 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप! इंग्लंडमध्ये आजही एखाद्याचं डोकं फिरलं की म्हणतात, तो डूलॅली झाला. आपलं गाव आणि आपला ताप, दोन्ही त्यांच्या शब्दकोशात जाऊन बसले, आणि नाशिककरांना पत्ता नाही.

पण ही मालिका कोणाला सुचवावी की नाही, याबद्दल मी अजून चाचरतो. त्यातला रंगीराम हा भारतीय नोकर मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं तोंडाला काळं फासून केला आहे. माणूस झाशीत जन्मलेला, आपली भाषा येणारा, नट म्हणूनही उत्तम. पण ते काळं फासणं आता बघवत नाही, आणि बीबीसीही ती मालिका पुन्हा दाखवत नाही. इतिहास म्हणून बघा, एकट्यानं बघा. त्यानंतर उतारा म्हणून 'गुडनेस ग्रेशस मी' बघा. 1998 ची, ब्रिटनमधल्या भारतीय नटांनी केलेली. तिच्यात काही मुंबईकर रात्री उशिरा पिऊन 'इंग्लिश' खायला जातात आणि वेटरला दरडावतात, सर्वांत अळणी काय आहे ते आण! लंडनमध्ये शुक्रवारी रात्री गोरे लोक आपल्या हॉटेलांत जे करतात, ते उलटं करून दाखवलेलं.

आणि उलटाच प्रवास पाहायचा, तर तो आमच्याकडूनही झाला आहे. रायपूरचे हबीब तन्वीर तरुणपणी लंडनला नाट्यशिक्षण घेऊन आले आणि इथल्या 'नाचा' या लोकनाट्याच्या कलावंतांबरोबर काम करू लागले. सत्तरच्या दशकात भिलाईतल्या एका कार्यशाळेत त्यांनी जे बसवलं, त्यातून 'चरनदास चोर' घडलं. खोटं न बोलण्याचा शब्द गुरूला देऊन बसलेला चोर. संवाद छत्तीसगढी, नट गावाकडचे. 1982 साली एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकानं 'फ्रिंज फर्स्ट' हा मान मिळवला. तिथल्या प्रेक्षकांना छत्तीसगढी कुठून येणार? पण शिपायाला चोर खरं सांगतो आणि शिपाई गोंधळतो, हे कळायला भाषा कशाला लागते.

वेळ संपत आली. शेवटची शिफारस 'कीपिंग अप अपिअरन्सेस'. पॅट्रिशिया रूटलेज यांनी केलेली हायसिंथ नावाची बाई. नवऱ्याचं आडनाव बकेट, म्हणजे बादली. ही फोनवर ठणकावून सांगते, बकेट नव्हे, 'बुके'! दारात पाहुण्यांची वाट बघते मोठ्या घरच्या, आणि येते नेमकी मोडकी गाडी घेऊन गरीब बहीण. ही मालिका बीबीसीनं देशोदेशी विकली, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. भाच्याला मी तिचं नुसतं नाव सांगितलं होतं, बाकी काही नाही.

परवा रात्री अकराला त्याचा फोन. मी घाबरलो, म्हटलं काय झालं.

"मामा, ही बुकेबाई बघितली. हिला मी ओळखतो. राहते सेक्टर दोनला, बोलते बत्तीस बंगल्यातून, आणि बहीण येते कॅम्प दोनहून!"