दुधाची साक्ष

देहूसारख्या गावातून पहाटे दुधाचे कॅन पिंपरी-चिंचवडकडे निघतात. संकलनावर लॅक्टोमीटर टाकतात. आकडा कमी आला, की ‘पाणी घातलंय!’ असा ठपका बसतो. पण दूध कोमट असले तरी आकडा उतरतो. उलट, साय काढून त्यात पाणी घातले तर तो बरोबर येऊ शकतो. मग खरे-खोटे ठरवायचे कसे?

दूध गोठवून. शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सियसला गोठते. त्यात काही विरघळले, की गोठायला जास्त थंडी लागते. दुधात साखर आणि क्षार विरघळलेले असतात. म्हणून ते शून्याखाली सुमारे ०.५४ अंशावर गोठते. साय विरघळलेली नसते, त्यामुळे ती काढली तरी हा अंक फारसा हलत नाही. दहा भागांत एक भाग पाणी असेल, तर मात्र तो ०.४९ च्या आसपास येतो. हे मोजणाऱ्या यंत्राला क्रायोस्कोप म्हणतात.

शिक्षकांनी वर्गात एवढे करावे. बर्फाच्या चुऱ्यात मीठ कालवून दोन परीक्षानळ्या ठेवाव्यात. एकीत साधे पाणी, दुसरीत १०० ग्रॅम पाण्याला ६ ग्रॅम मीठ या प्रमाणातले द्रावण. थर्मामीटरने हळूहळू ढवळावे. पहिले शून्याला गोठू लागेल, दुसरे शून्याखाली साडेतीन अंशांच्या सुमारास.

मात्र दूध आंबले, किंवा कोणी त्यात साखर-मीठ मिसळले, तर हा अंकही फसतो. म्हणून एका आकड्यावर कुणाला चोर ठरवू नये, आणि सावही.