कंस कुठे घालायचा?

माझ्या एका कवितासंग्रहाची अक्षरजुळणी चालू असताना मला 'वन' हा शब्द खटकला. 'रान' बरा वाटला. जुळणी करणाऱ्याला म्हटले, सगळीकडे बदला. त्याने कळ दाबली. पुस्तक आले तेव्हा 'जीवन'चे 'जीरान' झाले होते आणि 'यौवन'चे 'यौरान'. शेवटचे प्रूफ मी पाहिले नव्हते. दोनशे प्रती पेनाने दुरुस्त करत बसलो.

हे ऐकून माझा भाचा हसला नाही. तो सी भाषेत संगणकाच्या आतल्या यंत्रणेचे प्रोग्राम लिहितो. म्हणाला, ''मामू, आमच्याकडेही असा एक आहे. प्रीप्रोसेसर.''

प्रोग्राम कंपायलरकडे जाण्याआधी हा प्रीप्रोसेसर त्यावरून हात फिरवतो. मॅक्रो म्हणजे त्याला दिलेली सूचना : हे नाव दिसले की त्या जागी हा मजकूर ठेव. तो पूर्ण शब्द ओळखतो, 'जीवन'ला हात लावणार नाही. पण अर्थ त्यालाही कळत नाही. 'क'चा वर्ग म्हणजे 'क गुणिले क' असा मॅक्रो केला आणि त्यात २ + ३ घातले, तर उत्तर २५ हवे. तो नुसता मजकूर ठेवतो : २ + ३ × २ + ३. गुणाकार आधी, म्हणून ११. कंपायलर हूं की चूं करत नाही, कारण व्याकरण शुद्ध आहे. (कवींना हे नवे नाही.) म्हणून प्रत्येक 'क'भोवती कंस, शिवाय सगळ्याभोवती आणखी एक. बाहेरचा विसरलात तर १०० भागिले ५चा वर्ग, हे उत्तर ४ऐवजी १०० येते.

मॅक्रोत दोन वाक्ये असली तर खरी भीती. 'चूक आढळली तर नोंद कर आणि मेमरी सोडून दे' असे म्हणायचे असते. अट पहिल्याच वाक्याला लागते. चूक नसतानाही मेमरी सुटते, प्रोग्राम मात्र ती वापरत राहतो. यंत्रणेच्या गाभ्यात असे झाले तर अख्खा संगणक कोसळू शकतो. म्हणून लिनक्स कर्नेलची लेखननियमावली सांगते, असा मॅक्रो 'डू-व्हाइल'च्या फेऱ्यात गुंडाळा. तो फेरा एकदाच फिरतो. न फिरण्यासाठी घातलेला फेरा! मला फार आवडला.

तरी कंसांनी न सुटणारे एक उरतेच. 'क'च्या जागी 'रांगेतला पुढचा आकडा घे' असे लिहिले, तर 'क' दोनदा असल्याने आकडेही दोनदा उचलले जातात. तिथे भाचा मॅक्रो टाकून सरळ फंक्शन लिहितो. ते आकडा एकदाच घेते, मग गुणते.

''मग मॅक्रो ठेवता कशाला?'' मी विचारले.

''चूक कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत झाली, ते नोंदवायला, मामू. फंक्शन स्वतःचीच ओळ सांगत बसते.''