घाटाखालची हवा



नवरात्र बसलं की घाटाखालच्या आमच्या वरंध गावात दोन कामं एकदम अंगावर येतात. शेतात हळवं भात पिवळं पडायला लागतं, तेव्हा विळ्यांना धार लावून घ्यायची असते. आणि पडवीला लागून असलेल्या शेडमध्ये चार महिने झोपलेली प्रीमियर पद्मिनी जागी करायची असते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ. माळ घातलेली गाडी चालूच झाली नाही, तर आळीत वर्षभर पुरेल एवढा विषय होतो. म्हणून त्याआधीचा एक रविवार मी कार्ब्युरेटरसाठी राखून ठेवतो.

पद्मिनी म्हणजे आपल्या आईवडिलांच्या तोंडची ‘फियाट’. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट अकराशे डिलाइट बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिचंच बारसं पद्मिनी म्हणून झालं. चार सिलिंडर, १०८९ सीसी, स्टिअरिंगलगत दांडीचा गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. त्या टॅक्सींपैकी शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून उतरली. पण खेड्यापाड्यांत, कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या आंब्याखाली पद्मिनी अजून आहे. आमच्याकडे आहे.

आता कार्ब्युरेटर म्हणजे काय? पूर्वी घरोघरी डास मारायला फ्लिटचा पंप असायचा. दांडा पुढे ढकलला की हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून जायचा आणि डब्यातलं औषध आपोआप वर खेचलं जाऊन फवारा उडायचा. कार्ब्युरेटर हा तोच पंप. फरक एवढाच की दांडा आपण ढकलत नाही, इंजिनच हवा ओढून घेतं. हवेची वाट मध्ये अरुंद केलेली असते. तिथे हवा वेगाने धावते, दाब उतरतो आणि जेटच्या भोकातून पेट्रोल वर येतं. जेटवर एक आकडा कोरलेला असतो. आमच्या गाडीतल्या सोलेक्स कार्ब्युरेटरच्या पद्धतीत तो भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ असेल तर सव्वा मिलिमीटर. साबुदाण्याच्या कोरड्या दाण्याहूनही लहान.

आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. खरं तर ती हवेवर चालते, पेट्रोल नुसतं तोंडी लावायला. एक किलो पेट्रोल जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. आपल्या गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. तशा नऊ टाक्या भरून हवा, आणि तिच्यात लिटरभर पेट्रोल. म्हणून कार्ब्युरेटर लावायचा, तर आधी आपण कुठली हवा त्याला देतो आहोत ते बघावं लागतं. हे मला फार उशिरा समजलं.

झालं असं. काही वर्षांपूर्वी पुण्याला गेलो असताना तिथल्या एका गॅरेजमध्ये मी गाडी ट्यून करून घेतली. ‘ॲव्हरेज चांगला पाहिजे’ असं मीच सांगितलं होतं. कारागिराने कार्ब्युरेटरचा स्क्रू आवळून दिला. गाडी भोरपर्यंत छान आली. नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने वर चढली, वाघजाईला थांबून भजी खाल्ली, घाट उतरून माझेरीत आलो आणि गाडी उचक्या द्यायला लागली. वरंधच्या नाक्यावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बंद. घरी येईपर्यंत मी त्या कारागिराला मनातल्या मनात बरंच काही बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी महाडहून आमचे जुने मेस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलं, पण स्क्रूला हात लावला नाही. विचारलं, “गाडी लावली कुठं?” म्हटलं, पुण्यात. “मग तिथं बरोबरच होती ती. तू तिला खाली आणलीस.”

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. आमचं गाव घाटाच्या पायथ्याला. खालची हवा दाट. भोक तेच, पण दर श्वासाला हवा जास्त वजनाची, म्हणून हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. फरक जेमतेम दोन-तीन टक्क्यांचा, पण मी ॲव्हरेजच्या हव्यासापोटी गाडी आधीच पातळपणाच्या काठावर उभी केली होती. घाट उतरताना ती काठावरून खाली गेली. कारागिराची चूक नव्हती.

उलट दिशेनेही हेच. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलात, तर तासा-दीड तासात साडेतेराशे मीटरच्या आसपास जाता. तिथे हवा आठव्या हिश्शाने विरळ. घरी बेताची असलेली मिश्रणाची आमटी वर जाऊन सहा-सात टक्के घट्ट होते. गाडी जड चालते, धुराला पेट्रोलचा वास येतो, उभी असताना ती धडधडते. नव्या गाडीत सेन्सर आणि कॉम्प्युटर हा हिशेब सेकंदाला कितीतरी वेळा करतात. कार्ब्युरेटरला तेवढी अक्कल नाही. त्याला आपली उसनी द्यावी लागते.

तर तो रविवार. पहिली गोष्ट, गाडी ढकलून अंगणात काढायची. बंद शेडमध्ये इंजिन चालवायचं नाही, तो धूर जीव घेतो. आणि अंगणात पाण्याचा बंब पेटलेला असेल, चुलीत निखारे असतील, तर त्या दिवशी पेट्रोलला हात लावायचा नाही. आंघोळी उरकू द्याव्यात, बंब विझू द्यावा.

दुसरी गोष्ट, कार्ब्युरेटर सगळ्यांत शेवटी. मेस्त्री म्हणतात, कारब्रेटरचे निम्मे आजार डिस्ट्रिब्युटरमध्ये राहतात. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. चार महिन्यांच्या दमटपणाने डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत ओल धरते, पॉइंटवर काजळी बसते. म्हणून आधी कॅप कोरडी पुसायची. पॉइंट घासून त्यांच्यातली फट फिलर गेजने बघायची, अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी. मग प्लग काढायचे. प्लगचं तोंड काळं काजळीचं असेल तर मिश्रण घट्ट, पांढरं फटक असेल तर पातळ, भाजलेल्या बिस्किटासारखं तांबूस असेल तर ठीक. मग टॅपेटची फट. हे सगळं झाल्यावरच सोलेक्सकडे वळायचं.

वरचं झाकण काढलं की खाली फ्लोटचं, म्हणजे पेट्रोल साठायचं भांडं. या भांड्यात गेल्या दोन-तीन वर्षांत मला एक नवं दृश्य दिसतं. तळाशी पांढरी भुकटी, भिंतीवर खरखरीत पापुद्रा. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, आता सगळीकडे तेच. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. गाडी चार महिने उभी राहिली की ते पाणी खाली बसतं आणि भांड्याचा धातू खातं. म्हणून आता मी पावसाआधी गाडीतल्या पेट्रोल पंपाची नळी सोडवतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून भांडं कोरडं करून ठेवतो.

इथेनॉलची दुसरी गंमत मिश्रणात आहे. त्याला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. म्हणजे जुन्या मापाच्या जेटमधून हे नवं पेट्रोल गेलं तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. १२० च्या जागी १२५ चा जेट बसवला, तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. हिशेब जवळपास जुळतो. ज्यांची गाडी हल्ली चढावर खोकते, त्यांनी मेस्त्रींना हे जरूर विचारावं.

जेट साफ करायचा तो फुंकरीने, फार तर हवेच्या पंपाने. स्टोव्हला पिन मारायची सवय असलेला आपला हात लगेच तार शोधतो. तार घालायची नाही. जेटचं पितळ मऊ असतं, तारेने भोक ओरखडतं, मोठं होतं, आणि मग त्यावरचा आकडा खोटा ठरतो.

सगळं परत बसवलं की इंजिन चालू करायचं आणि गाडी शिवथरघळीच्या फाट्यापर्यंत फिरवून आणायची. थंड इंजिनवर लावलेला कार्ब्युरेटर म्हणजे उपाशीपोटी घेतलेलं कपड्याचं माप. गाडी तापली, चोक पूर्ण आत गेला, एअर क्लीनर जागेवर आहे, आता दोन स्क्रू. एक रेसचा, तो थ्रॉटल किती मिटेल ते ठरवतो. दुसरा मिश्रणाचा, खाली, स्प्रिंग घातलेला. हा आत हलक्या हाताने टेकवून दीड आटा बाहेर आणायचा. तिथून सुरुवात.

आता कान. पाव आटा बाहेर, थांबा. इंजिनची गती किंचित वाढली? आणखी पाव. अजून वाढली? आणखी पाव. आता वाढ थांबली, आवाज जरा जाड झाला, धडधड आली. म्हणजे आपण शिखर ओलांडलं. पाव आटा परत आत. गाडी आता चढ्या रेसवर गुणगुणते, तेव्हा रेसचा स्क्रू सोडून ती खाली आणायची, आठशे फेऱ्यांच्या आसपास. मग पुन्हा मिश्रणाचा स्क्रू, या वेळी आठवा हिस्सा. असं दोन-तीनदा. दर वेळी थांबायचं, इंजिनला दहा सेकंद द्यायचे. स्क्रू फिरवायला अक्कल लागत नाही, न फिरवता उभं राहायला लागते.

कितीही फिरवलं तरी फरक पडत नसेल, तर कुठून तरी चोरून हवा येते आहे. कार्ब्युरेटरच्या बुडाशी, गॅस्केटच्या कडेला साबणाचं पाणी सोडा. जिथे इंजिनचा सूर बदलेल, तिथे गळती. नंतर सायलेन्सरच्या तोंडाशी वर्तमानपत्राची पट्टी धरा. ती एकसारखी बाहेर उडत राहिली पाहिजे. मधूनच आत ओढली जात असेल, तर दुखणं व्हॉल्व्हचं, तिथे कार्ब्युरेटर बिचारा काही करू शकत नाही.

कानावर भरवसा नसेल, तर पीयूसीवाल्याकडे जा. जुन्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साईड तीन टक्क्यांच्या आत लागतो. कागद घेऊन निघून येऊ नका. त्याला विनंती करून पडद्यावरचा आकडा बघत स्क्रू फिरवा. माझ्या कानाने ज्याला ‘झकास’ म्हटलं होतं, ते पहिल्यांदा तिथे चारच्या वर निघालं. तेव्हापासून मी थोडा नम्र झालो.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, यांची शेवटची परीक्षा वेगळी होती. पितळेचं फुलपात्र अर्धं पाण्याने भरून ते एअर क्लीनरच्या झाकणावर ठेवायचे. पाण्यावर वलयं उठली तर चालेल, थेंब बाहेर पडता कामा नये. मी अजून ते करतो. त्यांच्या एका जुन्या डायरीत मला या गाडीचं पान सापडलं. तारीख नाही, वार नाही. दोनच ओळी: ‘वरंध, दीड. महाबळेश्वर, सव्वा.’ स्क्रूचे आटे. पुण्याचा तो फेरा मी केला, त्याच्या कितीतरी आधी त्यांनी घाटाची हवा मोजून ठेवली होती आणि कुणाला सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती.

पाव आट्याचा फरक. तो फक्त गाडी उभी असतानाचा, मोठ्या जेटचा हिशेब काही त्याने बदलत नाही. तरी आता महाबळेश्वरला गेलो की वर पोचल्यावर मी बॉनेट उघडतो, पाव आटा आत घेतो. पोलादपूरला उतरलो की पाव आटा बाहेर. रस्त्यावरची माणसं थांबून विचारतात, काय बिघडलं? मी म्हणतो, काही नाही, हवा बदलली.