तयार गाठ आणि मोकळी रुई



गेटसभेत बोलणाऱ्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि संघटनेच्या कचेरीत फार झाले. त्याच कचेरीतल्या एका जुन्या संगणकाने आम्हांला जो धडा दिला, तो आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

खामगावच्या माणसाला ही गोष्ट कापसातून सांगितलेली बरी. 1870 मध्ये जलंबहून आपल्या गावापर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठीच. जिनात सरकी निघते, रुई मोकळी होते. प्रेसमध्ये त्या रुईची गाठ बांधली जाते. मोकळी रुई हातात घ्यावी, तंतू ओढून पाहावा. गाठीचे मात्र आपल्याला वरचे अंगच दिसते.

सॉफ्टवेअरचेही असेच आहे. जाणकार माणूस प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत आज्ञा लिहितो. तो सोर्स कोड. ती मोकळी रुई. यंत्राला ती भाषा कळत नाही, म्हणून कंपायलर नावाचा प्रोग्रॅम तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. याला कंपाईल करणे म्हणतात. अशा रीतीने बांधून ठेवलेली तयार गाठ म्हणजे पॅकेज. पुष्कळ कंपन्या फक्त गाठ विकतात, रुई दाखवीत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरवाले दोन्ही देतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये या चळवळीची घोषणा केली, 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला, आणि 1993 मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन ही संपूर्ण प्रणाली सुरू केली. आपल्या सी-डॅकने काढलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे.

मग आयती गाठ घ्यावी, की रुई आणून स्वतः बांधावी?

आमच्या कचेरीत डेबियन 9 होते. निवृत्त होणाऱ्या कामगारांच्या हिशेबासाठी जुने वेतनकरार लागत, आणि त्यांच्या टंकलिखित मराठी प्रती पुसट होत चालल्या होत्या. छायाचित्रातली अक्षरे वाचून मजकूर करणारा टेसेरॅक्ट नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे. त्याची चौथी आवृत्ती 2018 च्या ऑक्टोबरात निघाली आणि तिच्यात वाचनाची पद्धतच बदलली होती. आमच्या तयार पॅकेजात मात्र तिसरीच होती. संघटनेत येणाऱ्या एका तरुणाने सोर्स कोड उतरवून घेतला. पहिल्या प्रयत्नाला यंत्र अडले: लेप्टोनिका हवे म्हणाले. ते आणून दिले, तेव्हा तासाभराने काम फत्ते झाले. जे करार वाचता येत नव्हते त्यांतली कितीतरी कलमे पडद्यावर उमटली. त्या रात्री आम्हांला वाटले, आता आयत्या गाठीचे तोंड पाहावयास नको!

पुढे तो तरुण नोकरीसाठी पुण्याला गेला. 2021 मध्ये डेबियन 11 निघाल्यावर आम्ही ते बसवून घेतले. टेसेरॅक्टची दुरुस्त केलेली आवृत्ती त्यात आयतीच होती. आम्ही निश्चिंत झालो. दिवाळीला तो गावी आला, यंत्रापुढे बसला आणि हसून म्हणाला, “भाऊ, नवं आलं, पण चालून तं जुनंच राह्यलं!” हाताने बांधलेली वस्तू निराळ्या जागी ठेवली जाते, आणि यंत्र आधी त्या जागी पाहते. पॅकेजे सांभाळणाऱ्या व्यवस्थेला तिचा पत्ताच नसतो, म्हणून दुरुस्तीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आम्ही काय बांधले, कधी बांधले, हे वहीत लिहून ठेवले नव्हते. चूक आमचीच होती. जे हाताने बांधावे, त्याची राखणही आपल्याच अंगावर येते.

तर मग आयते घ्यावे आणि स्वस्थ बसावे काय? तसेही नाही. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले होते. डेबियनच्या पॅकेजांच्या यादीवरही अशीच सही असते. परंतु खुणेवरून गाठ कोणत्या प्रेसची हे कळते. आत काय भरले आहे, हे कळत नाही. 2024 मध्ये हेच घडले. एक्सझेड नावाचा, माहिती दाबून लहान करणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो. त्याच्या दोन आवृत्त्यांत कोणी चोरदरवाजा ठेवला. सर्वांसमोर असलेल्या सोर्स कोडात तो पूर्ण नव्हता. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात एक जादा तुकडा घातला होता, आणि पॅकेज बांधतानाच तो जागा होई. डेबियनच्या चाचणीसाठीच्या आवृत्त्यांत तो शिरला. स्थिर आवृत्तीत पोहोचण्याआधी सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागू लागला. त्याने खोदून पाहिले, आणि 29 मार्च 2024 रोजी जगाला सांगितले. रुई उघडी होती, म्हणून त्याला खोदता आले.

आता आम्हां कामगारांच्या कामाची गोष्ट. हा प्रोग्रॅम वर्षानुवर्षे एकच माणूस, विनामोबदला, थकल्या अंगाने सांभाळीत होता. त्याने थकव्याची कबुली उघड दिली होती. त्याला मदत करावयास आलेल्या माणसानेच दोन-अडीच वर्षांत विश्वास मिळवून घात केला. मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रे ज्या खांद्यावर उभी होती, त्या खांद्याची विचारपूस कोणी केली नव्हती! हा दोष गाठीचा नाही, रुईचाही नाही. फुकट घेतलेल्या श्रमाची किंमत शेवटी अशी मोजावी लागते.

1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात, कलम 20 मध्ये, सभासदाला संघटनेच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क दिलेला होता. आमच्या अनुभवात शंभरांतून दोघे-तिघेच वह्या मागत. परंतु कोणीही मागू शकतो, या जाणिवेने खजिनदार सावध राही. आणि कोणीच कधी मागितल्या नाहीत, तर तो हक्क गंजून जाई. सोर्स कोडाचेही तेच आहे. 2013 पासून डेबियनमधली मंडळी एक खटपट करीत आहेत: एकाच रुईची गाठ निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या यंत्रांवर बांधावी, आणि ती अक्षरशः तंतोतंत जुळते की नाही ते पाहावे. एकाच मालाचे दोन काट्यांवर वजन करण्यासारखे हे आहे. आयती गाठ घेणाऱ्या सामान्य माणसाचे खरे रक्षण यात आहे.

म्हणून आमचे सांगणे असे. घरी, दुकानात, शाळेत तयार पॅकेजच घ्या. दुरुस्त्या वेळेवर घ्या. गरज पडेल तेव्हाच कंपाईल करा, आणि केले तर तारखेसह वहीत लिहा. परंतु गावातल्या चार मुलांना तरी रुईपासून गाठ बांधता आली पाहिजे, आणि त्यांच्या त्या श्रमाला मान व मोल दोन्ही मिळाले पाहिजे. आपण सर्वांनी गाठ उघडलीच पाहिजे असे नाही. मात्र ती उघडणारा आपल्यात कोणीतरी असावा.